वारांच्या पेठा आणि कोनाड्यातली डबी

गेल्या महिन्यात माझी जिओकॅश कायमची बंद केली, त्यामुळे आता सगळं उघड लिहिता येईल. चार वर्षं कोणी विचारलं तरी हिंट द्यायची नाही, उत्तर बरोबर का चूक एवढंच सांगायचं असं पाळलं होतं. आता डबीच तिथे नाही म्हटल्यावर लपवण्यासारखं काही उरलं नाही, फक्त घराचा पत्ता तेवढा सांगणार नाही कारण ते घर माझं नाही.

ज्यांना जिओकॅशिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणीतरी कुठेतरी एक डबी लपवतं, तीच जिओकॅश किंवा नुसती कॅश, आत वही असते, तिचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतात आणि बाकीचे जीपीएस घेऊन ती शोधतात, वहीत सही करतात आणि डबी होती तशी परत ठेवतात. बस. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आधी शंभर मीटरपर्यंत इकडचं तिकडे दाखवायचं ते एकदम दहा-वीस मीटरवर आलं, आणि लगेच ३ मेला डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ओरेगनमध्ये एक बादली पुरून तिची जागा इंटरनेटवर जाहीर केली, तिथून हे सुरू झालं. मला याचा नाद लागला तो जर्मनीत, ऑफिसच्या कामासाठी आठ महिने होते तेव्हा. तिथे गावोगाव कॅश आहेत, रविवारी लोक पोराबाळांना घेऊन जंगलात शोधत फिरतात. परत आल्यावर पुण्याचा नकाशा उघडला तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातल्याही बऱ्याच गडांवर आणि टेकड्यांवर. पेठांमध्ये जवळजवळ काहीच नाही. तेव्हाच ठरवलं की करायची तर पेठेत आणि कोड्याची करायची, म्हणजे नकाशावर निळं प्रश्नचिन्ह दिसतं ती, जिथे दिलेली जागा खरी नसते आणि खरी जागा कोडं सोडवल्यावरच कळते.

मी मूळची सोलापूरची. पुण्यात नोकरीला आले तेव्हा ऑफिसमधल्या एका काकांना विचारलं होतं की सुतळीचे मोठे गुंडे आणि प्लास्टिकचे डबे स्वस्तात कुठे मिळतील, ते म्हणाले "बोहरी आळीत जा, रविवारात." मी विचारलं की एरवीच्या दिवशी बंद असतं का. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही आणि मग त्यांनी फार प्रेमाने समजावून सांगितलं की अगं रविवारात म्हणजे रविवार पेठेत, वार नव्हे. पुढे सवय झाली, "बुधवारात दुकान आहे", "शुक्रवारात राहतो" असं मीही बोलायला लागले, पण ते पहिलं ऐकणं डोक्यात कुठेतरी राहिलंच. अख्खा आठवडा एका शहरात जमिनीवर पसरलेला आहे आणि माणसं त्यातून चालत जातात हे मला तेव्हाही भारी वाटलं होतं, आजही वाटतं. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार, सातही पेठा आहेत, एकही वार गाळलेला नाही.

आणि कोड्याच्या कॅशला काय लागतं? आकडे. वार म्हणजे आकडे, एक ते सात. हे सुचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

पहिला आराखडा मी घरी बसून केला. पेठांना ही वारांची नावं पेशवाईत मिळाली, त्याआधी वेगळी होती. शुक्रवार म्हणजे विसापूर, रविवार म्हणजे मलकापूर, सोमवार म्हणजे शहापूर, बुधवार म्हणजे मोहियाबाद, शनिवार म्हणजे मुर्तजाबाद. गुरुवार पेठेला तर अजूनही जुनी माणसं वेताळ पेठच म्हणतात. मंगळवारचं जुनं नाव वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं छापलेलं दिसलं म्हणून ते बाजूला ठेवलं. तर मी सहा जुनी नावं एका खोट्या पत्रात गुंफली, कोणी घोडेस्वार विसापुरातून निघून मलकापुरात मुक्काम करतो वगैरे, आणि सोडवणाऱ्याने प्रत्येक नावाचा आजचा वार शोधायचा, वाराचा आकडा करायचा, झाले सहा आकडे. मला ते फार सुंदर वाटत होतं. भाचा तेव्हा बारावीत होता, त्याला दिलं. तो सोफ्यावर लोळत होता, उठलाही नाही, मोबाइलवर अकरा मिनिटांत उत्तर काढलं. मी विचारलं की मलकापूर म्हणजे कुठली पेठ, तर म्हणाला "रविवार", आणि रविवार पेठ कुठे आहे विचारलं तर म्हणाला माहीत नाही, मंडईच्या तिकडे असेल.

तेव्हा मला कळलं की हे नकोय. म्हणजे कोडं चुकीचं नव्हतं, पण ज्या गोष्टीसाठी मी ते करत होते तीच त्यात नव्हती. मला लोकांना चालायला लावायचं होतं, मान वर करून पाट्या वाचायला लावायच्या होत्या, आणि शक्यतो कोणालातरी "काका, इथे जरा..." असं विचारायला लावायचं होतं. पुण्यातली नावं पाटीवर कमी आणि तोंडात जास्त असतात. लकडी पुलाचं सरकारी नाव संभाजी पूल आहे, पण रिक्षावाल्याला काय सांगता? पानिपतानंतर १७६१ मध्ये तो लाकडी बांधला होता म्हणून लकडी, लाकूड कधीच गेलं, दगडी पूल आला, नाव तेच. फडके हौद चौकातून रोज हजारो गाड्या जातात, तिथे कोणी हौदाचं पाणी भरत नाही. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पाणी आणलं, पेठापेठांत हौद बांधले, हौद बुजले तरी चौकाने नाव सोडलं नाही. अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला सगळं पुणं जातं पण अप्पा बळवंत हे मेहेंदळे होते, त्यांचा वाडा तिथे होता, वडील बळवंतराव पानिपतच्या मोहिमेत पडले, हे किती जणांना ठाऊक असतं. मला ते सांगायचं नव्हतं, त्यांना स्वतःला विचारावंसं वाटायला हवं होतं.

मग जुनं सगळं फाडलं आणि चालायला लागले. तीन महिने, शनिवार-रविवार सकाळी, दुकानं उघडायच्या वेळेला, कारण दुकानाच्या पाटीवर पत्ता असतो, घर नंबर आणि पेठ. हीच माझी युक्ती होती. कोड्यात जागेचं नाव न घेता तिचं वर्णन करायचं, माणसाने ती ओळखून तिथे जायचं, आणि तिथल्या पाट्यांवर कुठली पेठ लिहिली आहे ते वाचून आकडा घ्यायचा. घरी बसून अंदाज बांधता येतो पण खात्री होत नाही, कारण पेठांच्या हद्दी आपल्याला वाटतात तिथे नसतात. रस्त्याच्या या बाजूला एक पेठ, त्या बाजूला दुसरी. अप्पा बळवंत चौक मला हवाच होता, पण एका दुकानावर बुधवार आणि चार पावलांवर दुसऱ्यावर शनिवार, दोघंही आपापल्या जागी बरोबर, आता सोडवणाऱ्याने काय करायचं? दुःखाने तो काढला. नियमच केला की जागा पेठेच्या पोटात हवी, काठावर नको, आणि लागून असलेल्या किमान तीन दुकानांवर तीच पेठ लिहिलेली हवी.

देवांची नावं हा दुसरा मोह. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, सोन्या मारुती, डुल्या मारुती, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, गुपचुप गणपती... सोलापूरच्या माझ्या आईला मी पहिल्यांदा ही यादी वाचून दाखवली तेव्हा तिला पटेचना की लोक देवाला असं म्हणतात. पण यातल्या बऱ्याच नावांमागची गोष्ट घराघरात वेगळी सांगतात, एका आजोबांनी एक सांगितली, त्यांच्याच शेजारच्यांनी त्यांच्यासमोर ती खोडून काढली आणि दोघांची अर्धा तास जुंपली. कोड्यातलं उत्तर एकच असावं लागतं. म्हणून ठरवलं की गोष्टीवर आकडा टांगायचा नाही, जे नावातच उघड दिसतं किंवा आज जाऊन पाहता येतं तेवढंच घ्यायचं. शिवाय पत्र्या मारुती नारायण पेठेत आणि भिकारदास सदाशिव पेठेत, म्हणजे वाराच्या पेठेतच नाहीत, माझ्या कामाचे नाहीत.

शेवटी राहिल्या त्या सहा जागा. एकेक ओळीचं कोडं, वर मराठीत, खाली इंग्रजीत, कारण जिओकॅशिंग करणारे निम्मे लोक बाहेरचे. सगळ्या सांगते.

"दोन वारी भरतो, तिसऱ्याच वारात राहतो." हा जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी भरतो पण आहे मंगळवार पेठेत. ही ओळ मला बसमध्ये उभ्याने सुचली आणि मी एक स्टॉप पुढे गेले. बाजाराचे वार ऐकून माणूस १ किंवा ४ लिहिणार, आणि तिथे प्रत्यक्ष जाऊन पाटी वाचणारा ३ लिहिणार.

"गव्हर्नर गेला, महात्मा आला, मेथीची जुडी जागची हलली नाही." मंडई. १८८६ मध्ये बांधली तेव्हा गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने रे मार्केट, नंतर महात्मा फुले मंडई. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर भरायचा, तिथल्या मैदानावरचा बटाट्या मारुती त्याच काळाची खूण. मंडई शुक्रवारात.

"नाकाला झोंबतं ते नावात, हाताला मिळते ती वायर." तपकीर गल्ली, बुधवार पेठ. सगळा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. इथे मी एका दुकानदाराला विचारलं की तपकीर कुठे मिळते, त्याने खरंच पाच मिनिटं आठवून मला दुसऱ्या गल्लीतलं एक दुकान सांगितलं.

"सोयरीक नावात, पुरा शेपटाला." मेहुणपुरा, शनिवार पेठ. हे पुणेकरांना चटकन सुटतं आणि बाहेरच्यांना अजिबात नाही, त्यामुळे इंग्रजी ओळीत जरा जास्त मदत केली.

"सुतळी घ्यायची तर वार पाहू नकोस, आळी पाहा." बोहरी आळी, रविवार. हे त्या ऑफिसमधल्या काकांसाठी.

आणि सहावी, "नावात हौद पाच, गाजला मात्र चहा." पंचहौद, गुरुवार पेठ. १८९० साली तिथल्या मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली, त्यात टिळक होते, रानडे होते, आणि मिशनऱ्यांचा चहा घेतला म्हणून पुण्यात केवढं मोठं ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, झालं, प्रायश्चित्तापर्यंत गेलं. शाळेच्या पुस्तकात पंचहौद मिशन एवढंच वाचलं होतं, ती जागा आपण रोज ओलांडतो हे मला चालताना कळलं. चर्चचा उंच मनोरा लांबून दिसतो, खाली रस्त्यावर नेहमीची गडबड.

या पंचहौदाने माझं कोडं वाचवलं, ते असं. साइटवर टाकण्याआधी एका मैत्रिणीला आणि तिच्या नवऱ्याला पूर्ण कोडं सोडवायला दिलं, दोघं दिवसभर फिरले, सगळ्या पेठा बरोबर काढल्या आणि भलत्याच जागी जाऊन उभे राहिले. कारण त्यांनी सोमवार १ धरला. मी रविवार १ धरला होता. आमच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरात रवि सगळ्यात वर असतो, मला दुसरा विचारच आला नव्हता, पण आयटीत काम करणाऱ्या माणसाचा आठवडा सोमवारीच सुरू होतो आणि त्याचंही बरोबर आहे. आता हे सांगायचं कसं? सरळ "रविवार म्हणजे एक" लिहिलं तर कोड्यातलं अर्धं गुपित फुटतं, की वारांचे आकडे करायचे आहेत. दोन आठवडे अडले. मग एका संध्याकाळी भांडी घासताना नुसती बोटांवर मोजत होते, रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु. पाच. पंचहौद गुरुवारात आहे. रविवारपासून मोजलं तर गुरुवार पाचवा, आणि जागेच्या नावातच पाच! सोमवारपासून मोजलं तर चार येतात आणि जुळत नाही. मी ओल्या हातानेच नवऱ्याला बोलावून सांगितलं. कोणी हे मुद्दाम केलेलं नाही, पाच हौदांचा आणि वाराच्या मोजणीचा काही संबंध नाही, पण कुलूप आपलं आपण किल्लीवर येऊन बसलं. ती ओळ सगळ्यात वर घेतली आणि तिच्याखाली एवढंच लिहिलं की "या एका ठिकाणी नाव आणि उत्तर एकच आहे, त्यावरून बाकीचं लावा."

आता आकड्यांची अडचण. वारांतून १ ते ७ मिळतात, ०, ८ आणि ९ मिळत नाहीत. जिओकॅशचे आकडे अंश आणि मिनिटांत लिहितात, मिनिटाच्या दशांशानंतर तीन आकडे, उत्तरेचे तीन, पूर्वेचे तीन, आणि दशांशाच्या आधीचे अंश-मिनिट मी देऊनच टाकले होते. म्हणजे मला अशी जागा हवी होती जिच्या सहाही आकड्यांत ०, ८, ९ येतच नाही. दहातले सात चालतात, सहा वेळा, म्हणजे शंभरातल्या साधारण बाराच जागा. शेवटच्या आकड्याचं एवढं काही नसतं, मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे पावणेदोन-दोन मीटर, डबी जरा सरकवली की आकडा बदलतो. मधला आकडा अठरा मीटरचा. पण पहिला आकडा म्हणजे एकशे पंच्याऐंशी मीटर, तिथे डबी सरकवून भागत नाही, गल्लीच बदलावी लागते. मला डबी सदाशिव पेठेत हवी होती, कारण तिथे वार नाही, ती सदाशिवरावभाऊंच्या नावाची, म्हणजे सहा वार फिरून माणूस शेवटी वार नसलेल्या पेठेत यावा. नकाशावर रेघा मारल्या तर पूर्वेच्या आकड्यात ५०.८०० पासून ५१.१०० पर्यंतचा पट्टा बाद, आणि तो अर्धा किलोमीटर रुंद पट्टा नेमका सदाशिव पेठेच्या मधून जातो! टिळक रोडकडचं एक छान ठिकाण मनात होतं, ते गेलं. विश्रामबागवाड्याच्या अंगाला शोधायला लागलं.

तिथे आईच्या मावसबहिणीचं घर आहे, म्हणजे माझी मावशी, वय तेव्हा शहात्तर. जुना वाडा, अर्धा पडलेला, पुढच्या बाजूला चार बिऱ्हाडं. मोठा दरवाजा दिवसभर उघडा आणि बाहेरच्या भिंतीत, ओट्याच्या वर, एक कोनाडा. पूर्वी तिथे पणती ठेवायचे. फोनवर आकडे पाहिले, एक आठ येत होता, कोनाड्याच्या उजव्या कोपऱ्याशी फोन नेला की सात. पण वाड्यांच्या बोळात जीपीएसचा भरवसा नसतो, आकाश चिंचोळं दिसतं, सिग्नल भिंतींवर आपटून येतो, आकडे पंधरा मीटर इकडेतिकडे उड्या मारतात. म्हणून पाच वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी जाऊन आकडे घेतले, सरासरी काढली. सरासरीतही सातच आला. मावशी दर वेळी चहा द्यायची आणि विचारायची, अजून किती मोजायचंय.

कोनाड्याआधी मी एका चौकातल्या लोखंडी पेटीमागे डबी चिकटवायचा विचार केला होता हे खरं, आणि तो सोडला ते फार बरं झालं. पुण्याने स्फोट पाहिलेत, २०१० मध्ये जर्मन बेकरीत आणि २०१२ मध्ये जंगली महाराज रोडवर, गर्दीत बेवारस वस्तू दिसली तर लोकांनी घाबरावं आणि पोलिसांना सांगावं हेच बरोबर आहे. दुसऱ्या कोणी पेठेत कॅश लावायचा विचार करत असेल तर माझं आग्रहाचं सांगणं आहे, खासगी जागा निवडा, मालकाला विचारा, डबी पारदर्शक घ्या आणि वरच मोठ्या अक्षरात मराठीत लिहा की हा खेळ आहे, आत वही-पेन्सिल आहे. मी तसं केलं. मावशीला समजावताना एक मजा झाली, तिला "कॅश" म्हणजे पैसेच वाटत होते, म्हणाली भिंतीत पैसे कशाला ठेवतेस, चोर येतील. मी वही दाखवली. मग म्हणाली, हां, म्हणजे देवळातल्या देणगीच्या वहीसारखं, फक्त देणगी न देता. ते तिचं तिला पटलं आणि चारही बिऱ्हाडांना तिनेच सांगून टाकलं.

साइटवर कॅश टाकली की एक रिव्ह्यूअर तपासतो, तोही आपल्यासारखाच हौशी माणूस असतो. दोनदा परत आली. एकदा विचारलं की जागा खासगी आहे तर परवानगी कोणाची, ती लिहून दिली. दुसऱ्यांदा म्हणाला की वरवरची खोटी जागा खऱ्या जागेपासून दोन मैलांच्या आत हवी आणि सोडवणाऱ्याला दुकानात जाऊन काही विकत घ्यायची गरज पडू नये. शनिवारवाड्यासमोर प्रश्नचिन्ह ठेवलं होतं ते अंतरात बसत होतं, आणि पाट्या रस्त्यावरून वाचता येतात हे फोटोसकट दाखवलं. तिसऱ्या वेळी पास. पाचपैकी अवघडपणा साडेतीन, रस्ता दीड.

पहिला शोध लागायला एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांत मी रोज सकाळी उठून आधी मेल बघायचे. पहिला सापडवणारा एक कॉलेजचा मुलगा, चिंचवडहून आला होता, त्याने लिहिलं की जुन्या बाजारात तो मंगळवारी गेला होता त्यामुळे बाजारच दिसला नाही, एका चहावाल्याला विचारलं तर त्याने आधी बसवून घेतलं आणि मग पेठांची नावं, कुठली कुठे सुरू होते, सगळं कागदावर काढून दिलं. तो कागद त्याने डबीत ठेवला होता. नंतर एक जर्मन बाई आल्या, त्यांनी रिक्षा दिवसभर ठरवली आणि रिक्षावाल्याकडून पाट्या वाचून घेतल्या, वहीत दोन सह्या आहेत, एक त्यांची आणि एक रिक्षावाल्यांची, शुद्ध मराठीत, खाली "भवानी पेठ" असं लिहून. मेहुणपुऱ्यात एका मुलीला एका आजींनी हळदीकुंकवाला थांबवून घेतलं. नांदेडचं एक जोडपं लग्नाच्या वाढदिवसाला सोडवायला आलं होतं. चूक उत्तरं घेऊन माझ्याकडे आलेले बहुतेक सगळे जुन्या बाजारावर अडकलेले असायचे, ४ आणि १ च्या मध्ये, आणि मी फक्त लिहायचे की "तिथे जाऊन आलात का?"

चार वर्षांत एकतीस सह्या. दुसऱ्या कोणाला कमी वाटतील, पण प्रत्येक सहीमागे पाच-सहा किलोमीटर चालणं आहे, मला त्या खूप आहेत. दोन पावसाळ्यांत वही भिजली, बदलली, जुनी वाळवून घरी ठेवली. तपकीर गल्लीतल्या माझ्या तीन दुकानांपैकी एकाने पाटी बदलली आणि नव्या पाटीवर फक्त फोन नंबर आणि फेसबुकचं पान, पेठच नाही. मग शेजारचं दुकान धरलं. हे पुढे वाढत जाणार असं दिसतंय, नव्या चकचकीत पाट्यांवर पत्ता बसत नाही. पत्र्यावर रंगवलेल्या जुन्या पाट्या मी तेव्हापासून दिसतील तिथे फोटो काढून ठेवते, आत्तापर्यंत दोनशेच्या वर झाल्या.

वाडा पुनर्विकासाला जाणार हे दोन वर्षं चाललं होतं. यंदा सह्या झाल्या. मावशीने गुरुवारी फोन केला, "तुझी डबी घेऊन जा गं, सोमवारपासून पाडायला घेणारेत." शनिवारी गेले. बिऱ्हाडं आधीच हलली होती, ओट्यावर पोती आणि चौकटी रचलेल्या, कोनाडा मात्र स्वच्छ पुसलेला, मावशीने पुसला असणार. डबी काढली, वही उघडली, शेवटची सही तीन आठवड्यांपूर्वीची. त्या चहावाल्याचा कागद अजून आत होता, घड्यांवर फाटलेला. साइटवर कॅश बंद करताना कारण लिहायला लागतं, मी लिहिलं की भिंत राहिली नाही.

मावशी मुलाकडे कोथरूडला जाणार होती. तिच्यासाठी रिक्षा बोलवली, बॅगा ठेवल्या, ती बसली आणि मग माझ्या हातातल्या डबीकडे बघत म्हणाली, "आता कुठे ठेवणार? माझी नणंद आहे ना नारायण पेठेत, तिच्या जिन्याखाली जागा आहे, मी सांगते तिला." मी हो म्हटलं. रिक्षा निघाली, बोळाच्या तोंडाशी जाऊन थांबली आणि मावशीने बाहेर डोकावून मोठ्याने विचारलं, "पण आकडे बघून घे हं आधी, आठ-नऊ चालत नाहीत ना तुला?"